लोहगावात एअर शो: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

एअर शोला जाणारे बहुतेक जण विमानांची तयारी करून जातात. सूर्यकिरण हा कसरतींचा चमू किती वाजता, सुखोई लढाऊ विमान येणार का, कॅमेऱ्याची बॅटरी भरली का. आकाशातला कार्यक्रम मात्र दीड-दोन तासांत आटोपतो. उरलेला अख्खा दिवस आपण जमिनीवर असतो: आधी रांगेत, मग उन्हात आणि शेवटी परतीच्या कोंडीत. वैमानिक त्यांचं काम चोख करतात, आपल्याकडचंच बहुतेक वेळा कच्चं असतं. म्हणून हा लेख बराचसा जमिनीबद्दल आहे.

ही नुसती सोयीची गोष्ट नाही. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुसेना दिनानिमित्त कसरती झाल्या. लाखो लोक लोटले आणि त्या दिवशी पाच प्रेक्षक दगावले. विमानं सगळी सुखरूप उतरली होती. माणसांना नडलं ते भर दुपारचं ऊन, पाण्याची टंचाई आणि एकाच वेळी घरी निघालेली गर्दी.

तारीख आणि पास

पुण्यात दरवर्षी ठरलेल्या तारखेला एअर शो होत नाही. लोहगाव हा वायुसेनेचा रोजच्या कामाचा लढाऊ तळ आहे. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी तो उभारला आणि आज त्याच धावपट्टीवरून सुखोईही उडतात आणि आपली दिल्ली-बंगळूरची विमानंही. तो सामान्य माणसांसाठी उघडायचा म्हणजे काहीतरी निमित्त लागतं. ८ ऑक्टोबर हा वायुसेना दिन, त्याच्या मागेपुढे देशात कुठे ना कुठे कार्यक्रम असतो. सैन्यदलांचे मोठे सोहळेही आता दिल्लीबाहेर फिरतात. १५ जानेवारी २०२५ चं सेना दिनाचं संचलन आपल्या खडकीत झालं होतं.

म्हणून घोषणेवर लक्ष ठेवा. वायुसेनेची अधिकृत खाती, वर्तमानपत्रातली स्थानिक पानं आणि वाहतूक पोलिसांचं पत्रक, एवढं पुरे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘उद्या सकाळी ९ वाजता लोहगावात’ छापाच्या निरोपांवर विसंबू नका. त्यातले निम्मे कुठल्या तरी दुसऱ्या गावचे आणि दुसऱ्या वर्षाचे असतात.

प्रवेशाची पद्धत दर वेळी वेगळी. कधी ऑनलाइन नोंदणी, कधी शाळा आणि एनसीसीमार्फत पास, कधी माजी सैनिकांच्या कुटुंबांना प्राधान्य. पास हातात आला की तो नीट वाचा. गेट क्रमांक, वेळ, वाहनाचा पास वेगळा आहे का, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का. गेटवरच्या जवानाला तुमची हकीकत ऐकायला वेळ नसतो आणि ऐकून घेण्याचा अधिकारही नसतो. ‘अहो, इकारान्ताची गडबड झालीय हो’ म्हणून तिथे भागत नाही. पास हस्तांतरित होत नाही असं लिहिलं असेल तर तो शेजाऱ्यांना देऊन उदार होऊ नका.

एक खास पुणेरी अडचण. घरात अमेरिकेहून कोणी आलेलं असतं आणि त्याच्याकडे परदेशी पासपोर्ट असतो. परदेशी नागरिकांना लष्करी तळावर वेगळी परवानगी लागते, ओसीआय कार्ड दाखवून आपोआप आत सोडतील असं धरू नका. नोंदणी करतानाच विचारा. गेटवरून परत पाठवलेला भाचा दिवसभर कुठे बसवायचा हा प्रश्न मोठा असतो.

आणि त्या दिवशी तुमचं स्वतःचं विमान असेल तर कंपनीकडून वेळ पुन्हा तपासून घ्या. कसरतींच्या वेळी नागरी उड्डाणं थांबवतात किंवा मागेपुढे करतात. रिहर्सलच्या दिवसांनाही हे लागू आहे.

पोचायचं कसं

स्वतःची गाडी नेऊ नका, हा माझा स्पष्ट सल्ला. विमाननगर, टिंगरेनगर, ५०९ चौक, धानोरी या पट्ट्यात एरवीच संध्याकाळी गाडी सरकत नाही. एअर शोच्या दिवशी काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. वनाज ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू आहे. कोथरूड, डेक्कन, शिवाजीनगरकडच्या लोकांनी रामवाडीला उतरावं आणि पुढे रिक्षा किंवा पीएमपी धरावी. तिथून तळ चालत जाण्याइतका जवळ नाही, पण गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गाडी न्यावीच लागली, म्हणजे घरात आजी-आजोबा असतील तर, तर पार्किंगमध्ये वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. ही भीती काल्पनिक नाही. २३ फेब्रुवारी २०१९ ला बंगळूरच्या येलहंका तळावर एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन चालू असताना पार्किंगच्या मैदानातलं वाळकं गवत पेटलं आणि सुमारे ३०० गाड्या जळाल्या. तापलेला सायलेन्सर गवताला टेकला किंवा कोणी विडी टाकली की एवढं होऊ शकतं. मोकळी माती बघा, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा आणि खांबाच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

गेटवर

मूळ ओळखपत्र न्या, झेरॉक्स नको. मुलांचंही न्या. मोबाइल आत चालतो की नाही हे प्रत्येक कार्यक्रमात वेगळं ठरतं, आणि नसेल चालत तर ठेवायची सोय असेलच असं नाही. त्यामुळे सूचना वाचून ठरवा आणि शंका असली तर गटातल्या एकाच माणसाने फोन न्यावा. पिशवी जितकी छोटी तितकी रांग छोटी. काडेपेटी, लायटर, चाकू, परफ्यूमचा स्प्रे, लेझर पॉइंटर, दुर्बिणीचा मोठा स्टँड हे घरीच. भाजी चिरायची ती छोटी सुरी पर्समध्ये विसरलेली असते, ती निघताना काढून ठेवा. पाण्याची बाटली पारदर्शक असेल तर तपासणी पटकन होते.

ड्रोनचं नावही काढू नका. लष्करी तळाच्या वर परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हा गुन्हा आहे आणि ‘लग्नाच्या शूटिंगचा आहे’ ही सबब तिथे कुणी ऐकून घेत नाही.

कपड्यांचं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला स्वेटर लागतो आणि बाराला तोच कमरेला बांधावा लागतो. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. टोपी घट्ट बसणारी किंवा दोरीची असू द्या. छत्री उघडलीत तर मागच्या ओळीतून जे शेरे येतील ते पुणेरी असतील एवढं लक्षात ठेवा.

बसायचं कुठे

लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे प्रेक्षक एकतर उत्तरेकडे तोंड करून बसणार किंवा दक्षिणेकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. तोंड दक्षिणेला असेल तर तुम्ही दोन तास सूर्याकडेच बघणार आहात, तेव्हा गॉगल आणि कडा असलेली टोपी हवीच. तोंड उत्तरेला असेल तर ऊन मानेवर येतं, तिथे पंचा किंवा स्टोल टाका. जागा निवडायची मुभा असेल तर उत्तरेकडे बघणारी घ्या. विमानाचा रंग आणि धुराच्या रेघा तिथून उठून दिसतात.

पुढची रांग मिळावी म्हणून लोक धावतात. मला त्यात अर्थ वाटत नाही. बघायचं आहे ते वर आहे. दोरीला चिकटून बसणाऱ्यांना उड्डाण आणि उतरणं जवळून दिसतं हे खरं, पण स्वच्छतागृह आणि पाण्याचा टँकर मागेच असतो. मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मागची, कडेची, वाट मोकळी असलेली जागा पकडा.

दोरी ओलांडायची नाही, कोणी बघत नसलं तरीही. विमानं प्रेक्षकांच्या डोक्यावरून न जाता समोरून, धावपट्टीला समांतर उडतात. त्यामागे वाईट अनुभव आहे. २८ ऑगस्ट १९८८ ला तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या रामस्टाइन तळावर इटालियन हवाई दलाच्या चमूतली तीन विमानं कसरत करताना एकमेकांवर आदळली, त्यातलं एक गर्दीत पडलं आणि ७० माणसं गेली. त्यानंतर प्रेक्षक आणि विमानं यांच्यातल्या अंतराचे नियम बऱ्याच देशांनी कडक केले.

आता वर बघा

पहिली युक्ती: आवाजाच्या दिशेने बघू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळपास सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८०० किलोमीटर वेगाचं विमान सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. आवाज जिथून येतोय त्याच्या बऱ्याच पुढे नजर टाका. शेजारची मंडळी मोकळ्या आकाशाकडे बोट दाखवत असतील तेव्हा तुम्हाला विमान सापडलेलं असेल.

सूर्यकिरण हा बहुतेकांच्या आवडीचा भाग. लाल-पांढऱ्या रंगाची नऊ हॉक विमानं, पंखांतलं अंतर कधीकधी पाच मीटरहूनही कमी. १९९६ मध्ये हा चमू किरण विमानांवर सुरू झाला, २०११ मध्ये थांबला आणि २०१५ मध्ये हॉकवर पुन्हा उभा राहिला. सगळे नऊ एकत्र असताना लोक टाळ्या वाजवतात. खरी मजा ती रचना मोडल्यावर असते. मोठा गट एका बाजूला वळून पुन्हा जुळवाजुळव करतो, तेवढ्या वेळात दोन विमानं समोरासमोर येऊन एकमेकांना चाटून जातात. निदान खालून तसं वाटतं. मोठा गट कुठे गेला हे शोधण्यात हा तुकडा हुकतो. निवेदक लाउडस्पीकरवर ‘डावीकडे बघा, उजवीकडे बघा’ सांगत असतो, त्याचं ऐका.

सारंग म्हणजे मोर. मोराची नक्षी रंगवलेली ध्रुव हेलिकॉप्टरं. ती सावकाश असतात म्हणून लोक तेव्हा वडापाव आणायला जातात. जाऊ नका. हेलिकॉप्टर मागे सरकतं, एका जागी गिरकी घेतं आणि शेजाऱ्याच्या वाऱ्याचा धक्का सांभाळतं, हे समजून बघितलं तर जेटपेक्षाही अवघड वाटेल.

आणि सुखोई. पुणेकरांना तो घरचाच वाटतो आणि त्याला कारणही आहे. सुखोई-३० ची पहिली तुकडी भारतात आली ती १९९७ मध्ये लोहगावलाच. राष्ट्रपती असताना डॉ. अब्दुल कलाम यांनी जून २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये याच धावपट्टीवरून सुखोईतून उड्डाण केलं. दोघांचंही वय तेव्हा ७४ होतं, हे घरातल्या ‘आता आमचं काय वय आहे’ म्हणणाऱ्यांना जरूर सांगा. विमान जवळजवळ २२ मीटर लांब आहे. एवढं धूड हवेत जागच्या जागी वळल्यासारखं दिसतं, कारण त्याच्या इंजिनांच्या मागच्या नळ्या हलतात आणि झोताची दिशा बदलते. उड्डाणाच्या वेळी त्या नळ्यांकडे बघा. आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी यंत्रणा) लागला की नारिंगी ज्वाळा दिसते आणि क्षणभराने आवाज छातीत आदळतो. ‘व्हर्टिकल चार्ली’ असं निवेदकाने म्हटलं की विमान खालून वेगात येऊन सरळ वर चढणार आणि चढताचढता स्वतःभोवती गिरक्या घेणार. त्या वेळी मान मागे टाकायला जागा ठेवा.

कार्यक्रमपत्रिकेत नाव आहे म्हणून ते होईलच असं नाही. वारा जास्त असेल तर आकाशगंगा चमूच्या पॅराशूट उड्या रद्द होतात. ढग खाली उतरले असतील तर मोठे लूप टाळून आडव्या रचना दाखवतात. २०२५ च्या एअरो इंडियाला सारंग दिसलाच नाही, कारण जानेवारीतल्या अपघातानंतर ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवली होती. रद्द झालं तर चडफडू नका, रद्द करणाऱ्याने विचार करूनच केलेलं असतं.

कान

लढाऊ विमानाचा जवळून येणारा आवाज लहान बाळाच्या कानाला सोसत नाही. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, त्याने फार थोडा आवाज अडतो. मुलांसाठी कानावर बसणारे इअरमफ मिळतात, ते घ्या आणि घरी एकदोनदा घालून सवय करा, नाहीतर ऐन वेळी मूल ते फेकून देतं. मोठ्यांना फोमचे इअरप्लग चालतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजोबांनी यंत्राचा आवाज आधीच कमी करावा. अगदी तान्हं बाळ असेल तर त्याला आणूच नये असं माझं मत आहे. त्याला काही आठवणार नाही आणि तुम्हाला काही बघायला मिळणार नाही.

मुलाच्या मनगटावर पेनाने पालकांचा फोन नंबर लिहा. गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून ‘चुकामूक झाली तर अमुक तंबूपाशी’ हे आत शिरल्याशिरल्याच ठरवून टाका.

फोटो

कॅमेऱ्याला परवानगी असेल तर फक्त प्रदर्शनाचे फोटो काढा. हँगर, रडार, पहारेकरी, कुंपण, दूर उभी असलेली इतर विमानं यांच्याकडे लेन्स वळवू नका. लष्करी तळ हा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध जागेत मोडतो. ‘सहज काढला’ हे उत्तर तिथे महागात पडतं.

जेटसाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं किंवा त्याहून वेगवान ठेवा. हेलिकॉप्टरला उलट करायचं, अडीचशेव्या भागाच्या आसपास. नाहीतर पंखा थिजलेला दिसतो आणि हेलिकॉप्टर हवेत टांगल्यासारखं वाटतं. मोबाइलवाल्यांनी सूर्यकिरणचा एक व्हिडिओ घ्यावा आणि खिशात टाकावा. फोनमध्ये सुखोई मुंगीएवढा येतो, आणि तो बघायला घरचे सोडून कोणी तयार नसतं.

कचरा, म्हणजे पक्षी

हा भाग वाचून सोडून देऊ नका, आपल्या हातात असलेली सुरक्षा एवढीच आहे. सांडलेल्या खाण्यावर घारी आणि कावळे येतात आणि शेकडो किलोमीटर वेगाच्या विमानाला घार धडकली तर विमान पडू शकतं. २०२३ च्या एअरो इंडियासाठी बंगळूर महापालिकेने येलहंका तळाच्या दहा किलोमीटर परिसरात मांसविक्री बंद केली होती, ती याच कारणाने. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटलीची झाकणं, वेफर्सची पाकिटं वाऱ्याने उडून धावपट्टीवर गेली तर इंजिन ती आत ओढतं. म्हणून राजगिऱ्याचे लाडू, दशम्या, चिक्की, सोललेली संत्री असं डब्यातलं खाणं आणा. रिकामा डबा आणि सालं घरी न्या. फुगे आणू नका.

स्टॉल आणि माणसं

जमिनीवर मांडलेली विमानं आणि शस्त्रं लोक घाईत उरकतात. शक्य असेल तर कसरतींच्या आधी, सकाळी लवकर बघून घ्या. तिथे उभ्या असलेल्या तंत्रज्ञांना विचारा: टायर किती उतरणींनंतर बदलतात, पायलटची सीट बाहेर कशी फेकली जाते, हा सूट पायाला आवळतो तो का. हे सगळं ते हौसेने सांगतात. ‘इथे एकूण विमानं किती’ असलं विचारू नका.

दहावी-बारावीच्या मुलामुलींना भरतीच्या स्टॉलवर एकटं बोलू द्या, आई-बाबांनी चार पावलं मागे थांबावं. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. हे अजून बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.

परत येताना

शेवटचं विमान उतरलं की सगळे उठतात. तुम्ही बसून राहा. पाऊण तास तरी थांबा, पाणी प्या, उरलेलं खा, स्वच्छतागृहाला आता रांग नसते. प्रत्येकासाठी अर्धा लिटर पाणी या वेळेसाठी राखून ठेवा, सकाळीच संपवू नका. कोणाला घाम येणं थांबलं, बडबड असंबद्ध झाली किंवा उलटी झाली तर ‘थोडं बसा, बरं वाटेल’ म्हणत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि वैद्यकीय तंबूतल्या माणसाला तिथेच बोलवा.

बाहेर आल्यावर गेटसमोर रिक्षा शोधू नका. गर्दीच्या उलट दिशेला थोडं चाला, भाडं आधी ठरवा, आणि रामवाडीपर्यंत गेलात की पुढे मेट्रो आहे.

पास मिळाला नाही तर

धानोरी, कळस, विमाननगर, खराडीतल्या गच्च्यांवरून बराचसा कार्यक्रम दिसतो, आणि मोठ्या कसरतींच्या आधी एकदोन दिवस रिहर्सल असते ती तर फुकटच. सोसायटीच्या गच्चीची किल्ली आदल्या दिवशी मागून घ्या. सेक्रेटरींना सकाळी आठला फोन केलात तर मिळणार नाही. कठड्यावर मुलांना बसवू नका, कारण विमान डोक्यावरून गेलं की सगळे गर्रकन मागे वळतात. पतंग उडवू नका, विमानाकडे लेझर मारू नका, आणि कॅमेरा तळाच्या दिशेने खाली वळवू नका. कुत्रं असेल तर त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून बसवा. रिहर्सलच्या दिवशीही.